पोरी परक्याच्या, तर मग जमीन कुणाची?



मागच्या महिन्यात भिवंडी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही वनहक्काचे दावे भरायला बसलो होतो. दिवस मावळला होता, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात काम चाललं होतं. नमुना 'अ' पुढ्यात. दावेदाराचं नाव, नवरा किंवा बायकोचं नाव, गाव, पंचायत, तालुका. मग कुटुंबातल्या इतर माणसांची नावं आणि वय, हा रकाना आला. एका भावाने दोन पोरांची नावं सांगितली आणि तो गप्प बसला. आम्ही विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." मागे त्याची बायको बसली होती. ती हळूच बोलली, "आन् तिघी पोरी?" भाऊ हसला. "त्या काय, आज ना उद्या परक्याच्या घरी जायच्या. त्यांची नावं कशाला?" ओट्यावरचे सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि पुढचा रकाना भरायला घेतला.

त्या हसण्याची आज आम्हाला लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहोत.

रात्री कार्यालयात येऊन आम्ही आधी भरलेले फॉर्म चाळले. एकामागून एक तसेच निघाले. पोरं लिहिलेली, पोरी गायब. कुठे बायकोच्या नावाची जागाही कोरी. अक्षर कुणाचं? आमचंच. जंगलखात्याने ही नावं खाल्ली नाहीत, तलाठ्याने खाल्ली नाहीत. आमच्या पेनाने खाल्ली. आमच्यात पुरुष आहेत, बायाही आहेत, आणि हसताना दोघंही हसले होते.

कुणी म्हणेल, एका रकान्याचं एवढं काय? तर ऐका.

कायद्यात काय आहे

वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतोय त्याला ती जमीन मिळणार, चार हेक्टरच्या आत. एवढं पाड्यापाड्यावर सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच कायद्यात पुढे लिहिलंय ते कुणाला पाठ नाही, कारण सभेत आम्ही ते घाईघाईने वाचलं. नवरा-बायको असतील तर हक्क दोघांच्या नावाने नोंदवायचा. घर एकटी बाई चालवत असेल तर हक्क तिच्या एकटीच्या नावाने. ग्रामसभेत बायांचा भाग पूर्ण असला पाहिजे, त्यांना कुणी अडवायचं नाही. वनहक्क समितीत दहा ते पंधरा माणसं, त्यांत कमीत कमी तिसरा हिस्सा बाया. आणि हा हक्क विकता येत नाही, कुणाला देऊन टाकता येत नाही. तो वारसाने पुढे जातो.

आता वारस म्हणजे कोण? कायद्यात तिथे 'मुलगा' असा शब्द नाही. तो शब्द आपण आपल्या डोक्यातून घालतो. आज ज्या पोरीचं नाव दाव्यात नाही, उद्या बाप गेल्यावर तिने तोंड उघडलं तर गाव तोच कागद काढून दाखवील, "बघ, तुझा बापच तुला धरत नव्हता." कागदाची ताकद आपल्याला कुणी शिकवायला नको. कागद नव्हता म्हणून तर आपण पिढ्यानपिढ्या आपल्याच जंगलात चोर ठरलो. तोच डाव आता आपण आपल्या पोरींवर टाकतोय.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली तो बदलला, आणि पोरीला वडिलार्जित जमिनीत पोराएवढा वाटा दिला. पण हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तसं त्याच कायद्यात लिहिलंय. म्हणजे शेजारच्या गावातल्या बिगर आदिवासी पोरीला कायद्याने जो वाटा आहे, तो आपल्या पोरीला त्या कायद्याने नाही. आपल्याकडे चालते ती रूढी. काही जण छाती फुगवून सांगतात, "आदिवासीला आपली रूढी हाय, सरकारचा कायदा चालत नाय." ठीक आहे. रूढी आपल्या हातात आहे ना? मग पोरीला वाटा नाही ही रूढी टिकवणारे आपणच, आणि बदलू शकणारेही आपणच. हा मोर्चा प्रांत कचेरीवर नेऊन चालणार नाही. तो आपल्याच ओट्यावर आणावा लागेल.

कसेल त्याची. पण कसतं कोण?

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपण घसा फाटेपर्यंत देतो. एकदा नीट मोजू या, कसतं कोण.

राबासाठी शेण, पाला, फांद्या डोक्यावर वाहून आणतं कोण? बाया आणि पोरी. नांगर पुरुष धरतो, खरं आहे. चिखल तुडवायला दोघं. आवणीला पावसात दिवस दिवस कमरेत वाकून उभी कोण? बाया. बेननी? बाया. कापणीला दोघं, पण भारे उचलून खळ्यावर टाकायला पोरीबाळी. मग कांडण, पाखडण, निवडण. वरकसावर नागली-वरई लावायची, राखायची, खुडायची. त्याशिवाय पाणी, सरपण, भाकरी, गुरं, पोरं. ह्याला आपण काम म्हणतच नाही. पुरुष सांगतो, "बायको घरीच असते."

नांगर चालतो थोडे दिवस. बाकीचे महिने जमीन बाईच्या हाताखाली असते. आणि नांगराला बाईने हात लावायचा नाही, असंही आपणच सांगतो. आधी नांगर हातातून काढून घ्यायचा, मग म्हणायचं नांगर धरील त्याची जमीन. ही चलाखी सावकाराला शोभते, आपल्याला नाही.

जंगलखात्याचे लोक रोपं उपटायला, गुरं घालायला आले तेव्हा पुढे कोण उभं राहिलं ते आठवा. पुरुषांना पकडून नेतील म्हणून पुरुष रानात गेले, आणि बाया कोयते घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. पण दंडाची पावती फाटली ती पुरुषाच्या नावाने. आज तीच पावती पुरावा म्हणून लागते. म्हणजे पुराव्यात पुरुष आहे, लढ्यात बाई होती. नियमांत पुराव्याची आणखी एक वाट आहे : गावातल्या जुन्या माणसांचा जबाब लिहून घेता येतो. आम्ही आजवर म्हाताऱ्या बाप्यांचेच जबाब घेत आलो. म्हातारीला कुणी विचारलं नाही, की आजी, हे शेत कुणी फोडलं, धोंडे कुणी वेचले? तिला बांधाबांधाचं नाव ठाऊक आहे.

भट्टीची वही आणि आपला फॉर्म

दिवाळी झाली की आपली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. पावसाळ्यात घेतलेल्या खर्चीची फेड करायला. सारं घर भोंग्यात राहतं. रात्री उठून चिखल करायचा, उजाडेपर्यंत विटा पाडायच्या. बाई गारा वाहते, पोरगी विटा उलटते, रचते, धाकट्याला सांभाळते, चूल पेटवते. मजुरी हजार विटांमागे. शेठच्या वहीत नाव एकाच माणसाचं, घरच्या पुरुषाचं. बाईच्या आणि पोरीच्या घामाला त्या वहीत नावच नाही. हिशेबाला पुरुष जातो, पैसा त्याच्या हातात पडतो, आणि त्यातला किती घरी येतो ते गुत्त्याच्या मालकाला विचारा.

ह्या वहीवर आम्ही किती भाषणं केली! शेठ एका माणसाची मजुरी देऊन चौघांना राबवतो असं आम्ही ओरडून सांगितलं. आणि दाव्याचा फॉर्म आम्ही त्याच वहीसारखा भरला. राबणारी चार, नाव एकाचं.

१९७६ साली दोन कायदे झाले. एक वेठबिगारी बंद करणारा, दुसरा समान कामाला बाई-पुरुषाला समान मजुरी देणारा. पहिला कायदा ठाणे जिल्ह्यात आपल्या लोकांनी भांडून, मार खाऊन अंमलात आणला. वेठबिगार सुटले, त्याचा अभिमान आहेच. दुसऱ्या कायद्याचं काय झालं? आजही आवणीला बाईचा रोज कमी आणि बाप्याचा जास्त. तो ठरवताना शेतमालक तिथे असतो, आणि आपला पुरुषही असतो. तो कधी म्हणाला का, की माझ्या बायकोला माझ्याएवढाच रोज द्या?

पोर वाढवतो कशी?

हे सगळं जमिनीपासून सुरू होत नाही. पोरगी रांगायला लागते तेव्हापासून सुरू होतं.

पोरगी सहा वर्षांची होते आणि तिच्या कडेवर भाऊ येतो. तिची स्वतःची कंबर अजून धरत नाही, तरी ती त्याला घेऊन फिरते. पोरगा त्याच वयात गलोल घेऊन रानात. बापूस घरी आला की पाण्याचा तांब्या पोरीने द्यायचा, ताट पोरीने उचलायचं. खेकडे, मासळी, कोंबडी झाली की चांगला तुकडा पोराला. का? "त्याला काम करायचंय." आणि ती काय करते? आयसही हेच सांगते, कारण तिच्या आयसने तिला हेच सांगितलं. आम्ही आयांना दोष देत नाही. पण त्यांनी थांबावं एवढं मागतो.

शाळेत नाव घालतो, हजेरीपुरतं. आवणीला घरी ठेवतो, बाळंतपणाला घरी ठेवतो, भट्टीवर नेतो. वर्षात निम्मे दिवस जी शाळेत नाही तिला आपणच म्हणतो, "हिचं डोकं चालत नाय." पोरगी न्हाती झाली की आश्रमशाळेतून नाव काढतो. वाट जंगलाची, काही होईल म्हणून. भीती खोटी नाही. पण त्याच वाटेने तीच पोरगी डोक्यावर मोळी घेऊन पडघ्याच्या, अंबाडीच्या बाजारापर्यंत चालत जाते तेव्हा भीती कुठे जाते? मोळीला वाट चालते, दप्तराला चालत नाही.

आता नवीन चाललंय. गोदामांचे टेम्पो पाड्याच्या तोंडाशी येतात आणि पोरींना माल भरायला घेऊन जातात. सकाळी अंधारात निघतात, अंधारात येतात. पगार बापाच्या हातात. भाऊ त्यात मोबाइल घेतो, मोटरसायकलचा हप्ता भरतो. मग म्हणतात, पोरीला शिकवून काय फायदा? अरे, तिच्या पगारावर तुझं घर चाललंय, आणि विचारतोस फायदा काय!

आणि लग्न. २००६ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांच्या आधी पोरीचं लग्न करणं गुन्हा आहे. आपल्या पाड्यांवर काय वयाला लग्नं होतात ते आपल्याला माहीत आहे. शाळेच्या दाखल्यावर वय खरं असतं म्हणून दाखला दडवतात. जी अजून स्वतः वाढतेय तिच्या पोटात दुसरा जीव घालायचा, आणि बाळ अशक्त निघालं की भगताकडे पळायचं.

"ही आपली चालरीत हाय"

ह्यावर म्हाताऱ्यांचा एक जबाब तयार असतो. चालरीत. म्हणून चालरीतीबद्दलही बोलू.

आपल्या वारल्यांच्या लग्नात भटजी नव्हता. धवलेरी होती. तिने गायल्याशिवाय लग्न लागत नव्हतं. देवचौक सवाशिणींनी लिहायचा, चौकात पालघट बसायची. धान्य म्हणजे कणसरी, ती बाई. जमीन म्हणजे धरतरी, तीही बाई. नवरा मेला तर बाई दुसरं घर करू शकत होती, तिला कोपऱ्यात बसवत नव्हते. पोरीचा बाप हुंडा देत नव्हता, पोराकडून देज यायची. पोरगा नसला तर घरजावई आणून पोरगी बापाच्याच जमिनीवर राहायची. म्हणजे पोरीने बापाची जमीन कसणं हे आपल्याला नवं नाही. ही चालरीत सोडून आपण दुसऱ्यांची उचलतोय. आता हुंडा मागायला लागलो. मांडव, बँड, मोटरसायकल पाहिजे. धवलेरीला कोपऱ्यात बसवली, वर तिची टिंगल करतो.

पण जुनं सगळं सोन्याचं होतं असंही आम्ही म्हणणार नाही. देज म्हणजे पोरीची किंमतच. ती नांदली नाही, पळून आली, तर आधी भांडण देजेच्या पैशाचं, मग तिच्या जखमांचं. जातपंचायतीला बाई बसली नाही. तिच्यावर निवाडा झाला, पण तिने निवाडा केला नाही. लग्नाच्या कर्जापायी आपले लोक लग्नगडी झाले, नवरा-बायको दोघं सावकाराच्या दारात. कर्ज काढलं पुरुषाने, फेडलं दोघांनी, आणि बाईने फेडीत जे भोगलं ते आपण सभेत बोलतही नाही. ती वेठ मोडायला आपले लोक १९४५ साली इथून जवळच टिटवाळ्याला किसान सभेच्या परिषदेला गेले होते, मग गोदावरी परुळेकरांबरोबर डहाणू-उंबरगावात उठले. तेव्हाही लोक म्हणत होते, ही वेठ म्हणजे चालरीत आहे. मोडलीच ना?

आणि भुताळी? भुताळी ठरते कोण, नीट बघा. बहुतेक वेळा एकटी बाई. विधवा, मूलबाळ नसलेली, जिच्या नावावर किंवा जिच्या ताब्यात जमिनीचा तुकडा आहे अशी. गावात कुणी आजारी पडलं की बोट तिच्याकडे. ती गाव सोडून गेली की तिचं शेत कुणाकडे जातं, तेवढं शोधा, मग भूत कुठे बसलंय ते दिसेल.

तीन शंका

पहिली शंका : पोरींना वाटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील. पाच भाऊ असले तर तुकडे होत नाहीत का? तेव्हा कुणी म्हणतं का, की धाकट्या दोघांची नावं गाळा? नाव लावणं म्हणजे बांध घालणं नव्हे. सामाईक नाव राहू शकतं, एकत्र कसता येतं. पण सासरहून मार खाऊन आलेल्या पोरीला बापाच्या दारात भावाची मेहेरबानी मागावी लागत नाही. एवढा फरक पडतो, आणि तिला तो आयुष्याएवढा आहे.

दुसरी शंका : पोरगी परजातीत गेली तर जमीन बाहेर जाईल. वनहक्काची जमीन विकताच येत नाही. सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीनही बिगर आदिवासीला सरकारी परवानगीवाचून जात नाही, तसा कायदा आहे. तरी जमिनी गेल्या. त्या कुणाच्या अंगठ्याने गेल्या? बाटलीपायी, उधारीपायी, दलालाच्या गोड बोलण्यापायी अंगठे उठले ते पुरुषांचे. बाईला कळलं तेव्हा कुंपण पडलं होतं. तिचं नाव कागदावर असतं तर तिलाही विचारावं लागलं असतं. बाईचं नाव हे जमिनीला घातलेलं दुसरं कुलूप आहे.

तिसरी शंका आमच्याच कार्यकर्त्यांची : आधी जमीन मिळू दे, मग बायांचं बघू, आत्ता हे काढलं तर फूट पडेल. १९७२ साली शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, जमिनीसाठी आणि मजुरीसाठी. तिथल्या आदिवासी बायांनी लढ्यात उतरून दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. त्याने संघटना फुटली नाही, तिला बळ आलं. फूट पडते ती निम्म्या लोकांना गप्प बसवल्याने.

आता काय करायचं

येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने हे ठराव मांडायचे :

१. भरलेले सगळे दावे पुन्हा काढायचे. बायकोचं नाव दावेदार म्हणून बरोबरीने, आणि पोरींची नावं वयासह, लग्न झालेल्या आणि न झालेल्या सगळ्यांची. नावं आयसने सांगायची.

२. विधवा, टाकलेल्या, एकट्या बायांचे दावे त्यांच्या स्वतःच्या नावाने. दिराने, भावाने आपल्या दाव्यात घुसडायचे नाहीत.

३. वनहक्क समितीतल्या बायांना मोजणीला, पंचनाम्याला शेतावर न्यायचं. घरी वही पाठवून सही-अंगठा घ्यायचा नाही.

४. म्हाताऱ्या बायांचे जबाब पुराव्यात लावायचे.

५. वारसाच्या नोंदीत पोरींची नावं सोडायची नाहीत. सोडली तर ग्रामसभेने हरकत घ्यायची.

६. बाईला कुणी भुताळी म्हटलं तर ते सगळ्या गावाचं भांडण समजायचं. संघटना तिच्या बाजूने उभी राहील.

७. भट्टीवर जाणाऱ्या घराने शाळकरी पोरीला पाड्यावर ठेवावं, तिला सांभाळायची सोय पाड्याने करावी. जिथे भट्टीवर शाळा भरते तिथे पोरींनाही बसवावं, नुसत्या पोरांना नाही.

आणि एक काम ग्रामसभेच्या ठरावाचं नाही, घरचं आहे. आज संध्याकाळी पाण्याचा तांब्या पोराने भरावा. चालरीत तिथूनही मोडते.

त्या पाड्यावर आम्ही परवा पुन्हा गेलो. तोच ओटा, तोच भाऊ. आम्ही सांगितलं की फॉर्म चुकलाय, चूक आमची आहे, नवा भरायचाय. ह्या वेळी नावं त्याच्या बायकोने सांगितली. पाचही. तो विडी ओढत गप्प बसला होता. धाकट्या पोरीचं वय तिने नऊ सांगितलं तेव्हा तो मध्येच बोलला, "नऊची नाय. अकराची हाय ती. मोठ्या पावसात झाली."

बापाला ठाऊक असतं, साथींनो. फक्त लिहायचं राहिलं होतं. आता लिहा.

कसेल त्याची, कसेल तिची. जिंदाबाद.